त्यांना उठू द्या

आज दुपारी एका ओळखीच्या घरी काकांना भेटायला गेलो होतो. काका 82 वर्षांचे. मध्यंतरी न्यूमोनिया झाला, आठ-नऊ दिवस दवाखान्यात होते, आता महिनाभर झाला घरी आहेत. चहा झाला, आम्ही निघालो, तशी काकांनी खुर्चीच्या हातांवर दोन्ही तळवे टेकले आणि उठायला लागले. आलेल्या माणसाला दारापर्यंत पोचवायचं ही त्यांची जन्माची सवय. अर्धेअधिक उठलेही होते. तेवढ्यात मुलाने खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. "बाबा, बसा हो! कोणी सांगितलंय उठायला?" सून म्हणाली बसा. काकू म्हणाल्या बसा. माझा नवराही म्हणाला, "बसा काका, आम्ही काय परके आहोत का?" काका बसले. मांडीवरची शाल उगाचच नीट करत राहिले.

तेव्हापासून मला काही सुचत नाहीये. स्वयंपाक अर्धा ठेवून लिहायला बसलेय.

मुलगा वाईट नाही हो. रात्री वडिलांच्या खोलीत खाली गादी टाकून झोपतो. एवढं कोण करतं आजकाल? पण खांद्यावरचा तो हात मी ओळखते. दोन वर्षांपूर्वी तो माझाच हात होता.

माझी आई तेव्हा 79 वर्षांची होती. मोरीत पाय घसरून पडली. मनगट मोडलं. फक्त मनगट! पायाला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण आम्ही भावंडं इतकी घाबरलो की तिला सहा आठवडे कॉटवरून हलू दिलं नाही. पाणी हातात, जेवण कॉटवर, अंग पुसणं कॉटवर. कमोडची खुर्ची कॉटला लावून ठेवली. "आई, तू फक्त आराम कर." किती प्रेमाने म्हणायचे मी हे. प्लास्टर निघालं त्या दिवशी हात बरा झाला होता आणि आई उभी राहू शकत नव्हती. मी धरलं तर तिच्या मांड्या लटलट कापत होत्या. माझ्या पदराला धरून म्हणाली, "अगं, माझे पाय कुठे गेले?"

हे वाक्य मी विसरू शकत नाही. मनगट मोडलेल्या बाईचे पाय आम्ही घालवले होते.

नंतर फिजिओ मुलीने समजावलं तेव्हा कळलं काय झालं ते. स्नायू वापरला नाही की उतरतो, आणि म्हातारपणी तर भराभर उतरतो. अमेरिकेत धडधाकट वयस्कर माणसांना मुद्दाम 10 दिवस अंथरुणात ठेवून पाहिलं होतं, तर पायांचं जवळपास 1 किलो मांस गेलं. दहा दिवसांत! आणि ती तर निरोगी माणसं होती. आपण आजारातून उठलेल्या, धड न जेवणाऱ्या माणसाला महिना-महिना झोपवतो. वर भेटायला येणाऱ्यांना सांगतो, काय करणार, वय झालं. वय झालंय हे खरंच आहे, पण सहा आठवड्यांत आई सहा आठवड्यांनीच म्हातारी व्हायला हवी होती ना? दहा वर्षांनी कशी झाली?

ती फिजिओ मुलगी असेल पंचविशीची. पहिल्या दिवशी आली, ना मशीन लावलं, ना शेक दिला. म्हणाली, "आजी, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा." आईला जमलं नाही. मग तिने खुर्चीवर दोन घट्ट उश्या रचल्या, म्हणजे बैठक उंच झाली, आणि म्हणाली आता उठा. आई उठली. एकदा. थांबून पुन्हा एकदा. आईच्या वडिलांचं तासगावला धान्याचं दुकान होतं. मापाने धान्य मोजताना एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. आई उठली आणि तिच्या तोंडून आपोआप आलं, "लाभ". बसली, उठली, "दोन". तिसऱ्याला धापा टाकायला लागली. मला रडू आवरेना, मी आत निघून गेले.

पंधरवड्याने एक उशी काढली. मग दुसरी. मग ओट्याला धरून टाचा उचलणं, पोटऱ्यांसाठी. घोट्याला अर्ध्या किलोची वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करणं. पॅसेजमध्ये भिंतीला हात लावून एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवत चालणं, तोल सांभाळायला. आणि रोज संध्याकाळी "लाभ, दोन, तीन..." डाळीची वाटी, अंडं, दूध हेही तिने हट्टाने सुरू करायला लावलं, कारण नुसत्या भातावर मांस धरत नाही. चौथ्या महिन्यात आई आमच्या जिन्याच्या 22 पायऱ्या कठडा धरून उतरली आणि दारात आलेल्या भाजीवाल्याशी मेथीवरून भांडली.

आता लोक म्हणतील, आम्ही पण म्हणतो ना, जरा चाला. नुसतं चालून भागत नाही! खुर्चीतून उठायला मांडीत जोर लागतो, आणि जोर यायला भार द्यावा लागतो. 1990 साली बोस्टनला वृद्धांच्या संस्थेतल्या नव्वदीच्या आसपासच्या 10 जणांना आठ आठवडे पायाने वजनं उचलायला लावली होती. काठी घेऊन चालणारी, जुनी दुखणी असलेली माणसं. त्यांच्या पायांची ताकद सरासरी अडीच पटीहून जास्त वाढली. म्हणजे नव्वदीतही स्नायू ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा 65 च्या पुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम सांगते. आणि आपण त्यांच्या हातात रिमोट देतो.

आणि कृपा करून मला पंच्याऐंशीव्या वर्षी पळणाऱ्या आजोबांचे व्हिडिओ पाठवू नका. ते आजोबा छानच आहेत. मी बोलतेय ते कमोडवरून उठता न येणाऱ्यांबद्दल. त्यांना पदक नको आहे. त्यांना रात्री दोन वाजता कोणाला हाक न मारता संडासला जायचंय. खुर्चीतून उठता येणं म्हणजे तेवढंच असतं, आणि तेवढ्यावर माणसाची सगळी लाज-अब्रू अवलंबून असते.

सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? आईचा व्यायाम सुरू होता तेव्हा आमच्याच नात्यातल्यांचे फोन. "या वयात कशाला छळता तिला? सुखाने राहू द्या की." सुख? दुसऱ्याने डायपर बदलणं हे सुख? ज्या बाईने पन्नास वर्षं पाटावरून उठून वाढलं, खाली बसून पोळ्या लाटल्या, उकिडवं बसून धुणी धुतली, दिवसातून पन्नास वेळा जमिनीवरून उठली, तिला तुम्ही एका कॉटवर आडवी करता आणि त्याला सेवा म्हणता? चालत्या माणसाला डायपर लावलेली घरं मी पाहिली आहेत, का तर रात्री उठवायचा त्रास नको. मला हे शब्द लिहितानाही राग येतोय.

...पाणी पिऊन आले. डायपरचं जरा जास्त बोलले. ज्या घरात एकटी सून नोकरी करून सगळं पाहते, तिला रात्री तीनदा उठा हे मी कोणत्या तोंडाने सांगू? फिजिओ एका वेळेचे 500 रुपये घेते, तेही सगळ्यांना परवडत नाहीत. आणि हो, पडायची भीती खोटी नाही. छातीत दुखणारा, चक्कर येणारा, नुकतं ऑपरेशन झालेला माणूस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. काहींचं शरीर खरंच थकलेलं असतं, त्यांना पडून राहावंसं वाटलं तर राहू द्यावं. मान्य. पण भीतीने बसवून ठेवलेला माणूस जास्त पडतो, कारण पायात जोरच उरत नाही. शेवटी एक दिवस तो उठतोच, घरात कोणी नसताना उठतो, आणि तेव्हा पडतो.

आईसुद्धा व्यायाम सुरू झाल्यावर एकदा हॉलमध्ये तोल जाऊन पडली होती. मी किंचाळले. ती बसल्या जागी गुडघ्यावर आली, दिवाणाला धरलं, आणि मी पोचेपर्यंत उभी होती. फिजिओने जमिनीवरून उठायचंही शिकवलं होतं.

म्हणून आज त्या घरात मी गप्प बसले याचंच वाईट वाटतंय. चारचौघांत त्यांच्या मुलाला काय बोलणार, असं वाटलं. खरं तर एवढंच म्हणायला हवं होतं, की हात खांद्यावरून काढ आणि पाठीमागे धर. ते पडले तर तू आहेस ना. दारापर्यंत दहा पावलं होती. काकांची दहा पावलं आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ली.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना म्हणावं आधी उंच करून घ्या खुर्ची, मग जमतं." मग मी काकूंना फोन केला. आधी नको-नकोच म्हणत होत्या, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय म्हणे. मी म्हटलं, त्यांनाच फोन करून विचारा, खुर्चीतून उठ-बस चालेल का. अर्ध्या तासाने काकूंचाच फोन आला, चालेल म्हणाले, जवळ कोणीतरी उभं राहा म्हणाले.

उद्या सकाळी जातेय. आईच्या त्या दोन उश्या कपाटात वर ठेवल्या होत्या, तिनेच काढायला लावल्या. म्हणाली, घेऊन जा, पण निळी परत आण.