धाडस राहू दे, या माणसाचा हिशोब बघा

ब्रिटिश नौदलाचा कॅप्टन थॉमस कॉक्रेन याच्याबद्दल कुठेही वाचायला घ्या, बेडर, जिगरबाज, वेडा धाडसी अशी विशेषणांची माळ लागलेली असते, आणि मला दर वेळी वाटतं की अरे, हा माणूस तर आपली माणसं फुकट मरतील या विचाराने रात्र रात्र डोकं चालवणारा होता, याला वेडा कशाला म्हणता. वेडेपणा त्याने केला नाही असं नाही, भरपूर केला, पण तो जमिनीवर. त्याबद्दल पुढे येतोच.

स्कॉटलंडचा माणूस, जन्म १७७५ चा. घराणं उमराव पण खिसा फाटका. वडिलांना शोध लावायचा नाद, दगडी कोळशापासून डांबर काढून जहाजांच्या बुडाला फासायचं, म्हणजे लाकूड किड्यांपासून वाचेल, अशी चांगली आयडिया होती, पण नौदलाने ती घेतली नाही, पुढे बुडाला तांब्याचा पत्रा मारायची पद्धत आली आणि घरची इस्टेट प्रयोगांत गेली. पोराने हे सगळं डोळ्यांनी बघितलं. पुढे आयुष्यभर हा माणूस पैशावरून भांडत का राहिला याचं उत्तर माझ्या मते इथे आहे.

१८०० साली त्याला पहिलं स्वतःचं जहाज मिळालं, स्पीडी. नावावर जाऊ नका. १५८ टनांचं, दोन डोलकाठ्यांचं, त्यावर १४ तोफा आणि त्याही ४ पौंडी, म्हणजे गोळा मोसंबीएवढा. एका बाजूच्या सगळ्या तोफांचे गोळे कोटाच्या खिशात घालून मी डेकवर फिरू शकायचो असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. गडी सहा फुटांच्या वर आणि केबिन इतकी ठेंगणी की दाढी करायची तर छताच्या झडपेतून डोकं बाहेर काढायचं आणि सामान डेकवर मांडायचं.

या खेळण्याने त्याने, तेव्हा ब्रिटनशी युद्ध चालू असलेल्या स्पेनच्या किनाऱ्यावर वर्षभर उच्छाद मांडला. एकदा स्पॅनिश जहाज अंगावर आलं तर याने डेन्मार्कचा झेंडा चढवला, एक डॅनिश माणूस आधीच नोकरीला ठेवलेला होता, त्याला युनिफॉर्म घालून पुढे उभा केला आणि वर पिवळा झेंडा, की आम्ही अल्जियर्सहून आलोय आणि तिथे प्लेग आहे बरं का. स्पॅनिश लोक लांबूनच परत फिरले. दुसऱ्या वेळी रात्री एक मोठं जहाज पाठलाग करत होतं, तर याने एका पिंपावर कंदील लावून ते पाण्यात सोडून दिलं, आपले दिवे विझवले आणि वेगळ्याच दिशेने निघून गेला. मागचे त्या पिंपाच्या मागे. डॅनिश माणूस आधीपासून पगारावर ठेवणं याला मी धाडस नाही म्हणणार, तयारी म्हणेन.

आता ६ मे १८०१. बार्सिलोनाजवळ स्पेनचं लढाऊ जहाज एल गामो समोर आलं. ३२ तोफा, ३१९ माणसं. स्पीडीवर तेव्हा पोरंटोरं धरून ५४. गामोची एक फैर म्हणजे १९० पौंड लोखंड, याची २८. इथे कुठल्याही कॅप्टनने पाठ दाखवली असती तर कुणी नावं ठेवली नसती. कॉक्रेनने अमेरिकन झेंडा चढवला, समोरचे थोडे गोंधळले, तेवढ्यात याने वाऱ्याचा अंदाज घेऊन जहाज हव्या त्या बाजूला वळवलं, मग खरा झेंडा वर, आणि आपल्या बाजूने एकही गोळा न झाडता थेट गामोच्या अंगाला जाऊन भिडला, इतका की दोघांच्या शिडांच्या आडव्या काठ्या एकमेकींत अडकल्या. कारण साधं होतं. गामो उंच, स्पीडी बुटकी. चिकटून उभं राहिलं की गामोच्या तोफांची तोंडं तेवढी खाली वाकतच नाहीत, गोळे डोक्यावरून शिडांतून जाणार. आणि याच्या तोफा, तोंड वर करून, एकेका नळीत दोन-तीन गोळे ठासलेल्या, खालून वर समोरच्यांचा डेक फोडणार. पहिल्याच फैरीत स्पॅनिश कॅप्टन गेला.

मग स्पॅनिश सैनिक उडी मारून स्पीडीवर यायला कडेला जमले की हा जहाज थोडं बाजूला घ्यायचा, त्या गर्दीवर बंदुका झाडायचा आणि पुन्हा येऊन चिकटायचा. असं बराच वेळ. शेवटी जहाजाच्या डॉक्टरला सुकाणूवर उभं केलं आणि बाकी सगळे, अक्षरशः सगळे, गामोवर चढले, त्यातले काही पुढच्या टोकाकडून, तोंडाला काळं फासून, धुरातून. हातघाई चालू असताना कॉक्रेनने खाली डॉक्टरला ओरडून सांगितलं की अजून ५० जण पाठव. खाली कोण होतं? डॉक्टर! पण स्पॅनिश लोकांनी ते ऐकलं. त्यात कुणीतरी त्यांचा झेंडा उतरवला, त्यांना वाटलं आपल्याच ऑफिसरांनी शरणागती दिली, संपलं. स्पीडीचे ३ मेले. २६३ कैदी तळघरात कोंडले, त्यांच्याच तोफा झडपेच्या तोंडावर रोखल्या आणि वरात निघाली ब्रिटिशांच्या ताब्यातल्या मिनोर्का बेटाला.

यानंतरची गोष्ट मात्र सगळे गाळतात आणि मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. त्याचा लेफ्टनंट पार्कर या लढाईत जबर जखमी झाला होता, त्याला बढती द्या म्हणून कॉक्रेनने नौदलाचे प्रमुख लॉर्ड सेंट व्हिन्सेंट यांना लिहिलं. उत्तर आलं की स्पीडीवर मेलेल्यांची संख्या बढती देण्याइतकी नाही. म्हणजे बघा, माणसं वाचवली हा गुन्हा! कॉक्रेनने काय करावं, तर उलट टपाली कळवलं की साहेब, ज्या लढाईसाठी तुम्हाला अर्ल ही उमरावकी दिली त्या लढाईत तुमच्या स्वतःच्या जहाजावर तर एकच माणूस मेला होता. मुद्दा शंभर टक्के खरा. पार्करला तेव्हा बढती मिळाली नाही आणि कॉक्रेनला आयुष्यभराचा शत्रू मिळाला.

मला इथे त्याचा राग येतो. ज्या माणसाला समुद्रावर समोरचा कॅप्टन पुढच्या पाच मिनिटांत काय करेल हे दिसत होतं, त्याला एका म्हाताऱ्या साहेबाचा अहंकार दिसू नये? की दिसत होता आणि पर्वा नव्हती? माझ्या मते दुसरं. आणि किंमत पार्करने मोजली.

हेच पुन्हा १८०९ मध्ये, फ्रान्सच्या किनाऱ्यावर बास्क रोड्सला. फ्रेंच ताफा नांगर टाकून बसलेला, याने तोफेच्या दारूची पिंपं गच्च भरलेलं जहाज रात्री स्वतः घेऊन जाऊन वात पेटवली, मागून पेटती जहाजं आली, घाबरून फ्रेंचांनी नांगराचे दोर तोडले आणि सकाळी जवळपास सगळा ताफा गाळात रुतलेला. वरिष्ठ अॅडमिरल गॅम्बियर काही मैलांवर उभा. हा निशाणांवर निशाणं दाखवतोय की या, निम्म्या जहाजांत काम होईल, आणि गॅम्बियर हलायला तयार नाही. शेवटी याने आपलं जहाज एकटंच आत सोडलं आणि मदतीचं निशाण लावलं, आता तरी यावंच लागेल म्हणून. मदत आली, उशिरा. काही जहाजं जळाली, बरीच निसटली. कॉक्रेन तेव्हा खासदार होता, गॅम्बियरच्या आभाराच्या ठरावाला मी विरोध करणार असं त्याने जाहीर केलं, गॅम्बियरने स्वतःच कोर्ट मार्शल मागून घेतलं आणि सन्मानाने सुटला. संपलं कॉक्रेनचं करिअर.

मग १८१४ चं शेअर बाजार प्रकरण. डोव्हरला एक माणूस लष्करी वेशात उतरला, नेपोलियन मेला अशी अफवा सोडली, लंडनमध्ये सरकारी रोखे वर चढले आणि काही लोकांनी विकून घेतले. तो माणूस तिथून थेट कॉक्रेनच्या घरी गेला. याच्याकडेही रोखे होते, त्याच दिवशी विकले गेले. कोर्टाने दोषी धरलं, तुरुंग, १००० पौंड दंड, नौदलातून हकालपट्टी, सगळं. इतिहासकार अजून भांडतात. मला तो निर्दोष वाटतो, पूर्ण खात्रीने नाही. कारण भाव एक टक्का चढला की विका असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं, आणि तो माणूस कोण हे त्यानेच शपथपत्रात लिहून दिलं. पण त्याच शपथपत्रात पाहुण्याचा कोट हिरवा होता असं लिहिलं आणि साक्षीदार म्हणाले लाल. कॉक्रेनचा काका मात्र यात नक्की होता, तो देश सोडून पळाला. दंड भरताना कॉक्रेनने नोटेच्या मागे निषेध खरडला. आणि मधल्या काळात दोर लावून तुरुंगातून पळाला तो कुठे, तर संसदेत जाऊन स्वतःच्या जागेवर बसला! मतदारांनी त्याला पुन्हा निवडून दिलं होतं ना. आता यावर काय बोलणार.

इंग्लंडने हाकलला तो चिलीला गेला, स्पेनपासून सुटायला लढणाऱ्या त्या देशाच्या नौदलात. १८२० मध्ये स्पेनच्या ताब्यातलं वाल्दिव्हिया बंदर घेतलं, आणि इथेही तोच डोक्याचा खेळ. मोठं जहाज गळतंय, तोफेची दारू भिजलेली, माणसं ३०० च्या आसपास, समोर किल्ल्यांची रांग. अंधारात पहिला किल्ला संगिनींनी घेतला आणि पळणाऱ्या स्पॅनिश सैनिकांच्या पाठीला पाठ लावून पुढच्या किल्ल्यात घुसले, दार मित्रांसाठी उघडलं की शत्रूही आत. त्याचे ७ मेले. मग ब्राझील, तिथे पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या मारान्याओला एकाच जहाजावर उभं राहून मागे मोठा ताफा येतोय अशी थाप मारली आणि शहर हातात घेतलं. आणि दोन्ही देशांत शेवट पगार आणि लुटीच्या वाट्यावरून भांडणात. यात तो सगळीकडे बरोबर होता असं मी म्हणणार नाही, हावरा होता. पण चिलीच्या नौदलातल्या त्याच्या खलाशांचे पगार खरंच थकले होते आणि त्यासाठी त्याने पेरूमध्ये सरकारी खजिना उचलला तेव्हा खलाशांनी त्याला दोष दिला नसणार.

१८३२ मध्ये माफी मिळाली, पुन्हा नौदलात घेतलं, पुढे अॅडमिरलही झाला. क्रिमियाच्या युद्धात वयाच्या ऐंशीच्या उंबरठ्यावर हा गृहस्थ गंधकाच्या धुराने रशियन किल्ले रिकामे करायची जुनी योजना घेऊन सरकारदरबारी चकरा मारत होता, मी स्वतः येतो म्हणून. त्याला बाल्टिक समुद्रातल्या ताफ्याची कमान द्यायचा विचार झाला होता, पण मंत्र्यांना भीती की हा काहीतरी अचाट करून सगळा ताफा घालवेल. पन्नास-साठ वर्षांचा रेकॉर्ड समोर पडलेला, आपली माणसं इतकी कमी घालवणारा दुसरा कॅप्टन शोधून सापडला नसता, आणि तरी भीती हीच. आता यात चूक मंत्र्यांची की पार्करच्या बढतीचं पत्र लिहिणाऱ्याची, यावर मी माझ्या मित्राशी अजून भांडतोय. तो म्हणतो मंत्र्यांची. मी म्हणतो निम्मी निम्मी.