आईने दिलेला ‘ए’

परवा पुण्याहून सासूबाईंचा फोन. “अगं, पोरगी शाळेतच जात नाही, मग टेनिसवर कॉलेजात कशी जाणार?” मी हसून वेळ मारून नेली. पण फोन ठेवल्यावर जेवणाच्या टेबलावरचा कागदांचा पसारा दिसला आणि हसू मावळलं.

आम्ही टेक्सासमध्ये राहतो. लेक सातवीपासून घरीच शिकते, कारण सकाळी कोर्ट रिकामं मिळतं आणि स्पर्धांसाठी शाळा बुडत नाही. इथलं सरकार होमस्कूलवाल्यांना जवळजवळ काही विचारत नाही. नोंदणी नाही, परीक्षा नाही. वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व शिकवा, झालं! या मोकळेपणाची सवय लागते आणि मग पाय घसरतो. कॉलेजात खेळायची परवानगी एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, देते आणि त्यांना सगळं लेखी लागतं.

डिव्हिजन वनसाठी, म्हणजे कॉलेज-खेळांच्या सगळ्यात वरच्या गटासाठी, १६ कोअर कोर्स (हायस्कूलचे ठरावीक मुख्य विषय) लागतात. इंग्रजी ४, गणित ३ (अल्जिब्रा वन किंवा त्यापुढचं), विज्ञान २, सामाजिक शास्त्रं २, बाकीचे ठरलेल्या विषयांतून. कोअर विषयांचा जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी, ४ पैकी किमान २.३. खरी गोम पुढेच आहे. यातले १० कोर्स बारावी सुरू व्हायच्या आत पूर्ण हवेत, त्यातले ७ इंग्रजी, गणित, विज्ञानाचे. आणि त्या दहांतले मार्क नंतर सुधारून घेता येत नाहीत. हे हुकलं तर पहिल्या वर्षी सराव करता येतो, स्कॉलरशिपही मिळू शकते, पण सामना खेळता येत नाही.

नववीत मी तिला मोठ्या हौसेने घरखर्च, कर्ज, व्याज असं व्यवहाराचं गणित शिकवलं. जन्मभर उपयोगी पडेल, पण कोअरमध्ये शून्य! पर्सनल फायनान्स ते धरतच नाहीत. मराठी शाळेतलं मराठी यादीत घालायचं धाडसही मी केलं नाही.

होमस्कूलवाल्यांना प्रत्येक कोर्सचं वेगळं वर्कशीट भरावं लागतं: पुस्तक कुठलं, काय शिकवलं, मार्क कसे दिले. शिवाय ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांची गुणपत्रिका), आणि शिकवण्याची जबाबदारी कोणाची होती याचं सही केलेलं निवेदन. नववीच्या इंग्रजीसमोर माझ्या वहीत फक्त ‘ए’ लिहिलेला. कशाबद्दल ते कुठेच नाही. लेक म्हणाली, “आई, तू मला ‘ए’ दिलास त्या दिवशी मी भांडी घासली होती बहुतेक.” दोन रविवार घालवून जुन्या ईमेलमधून तिचे निबंध शोधून काढले.

इथल्या ओळखीतले बरेच पालक म्हणतात, एनसीएएचा आमच्यावर विश्वास नाही. मला हे पटत नाही. आपल्याकडे बाहेरून दहावीला बसणारं मूल १७ नंबरचा फॉर्म भरतं आणि पेपर बोर्ड तपासतं. इथे पेपर मीच काढते, मीच तपासते, ट्रान्सक्रिप्टवर सहीही माझीच. त्यात २०२३ पासून एसएटी-एसीटी या कॉलेज प्रवेशाच्या सामायिक परीक्षांची एनसीएएची अटही गेली, म्हणजे माझ्या ‘ए’ला बाहेरचा साक्षीदारच उरला नाही. कोणीतरी पुस्तकाचं नाव विचारणारच की!

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. शाळेतल्या मुलांच्या कोर्सची मंजूर यादी आधीच तयार असते, कागदपत्रं काउन्सिलर पाठवते. आमच्याकडे काउन्सिलर, शिक्षिका, कारकून आणि ड्रायव्हर मीच. आणि हे सगळं नववीत कळायला हवं, तेव्हा आपण फोरहँडच्या मागे असतो.

डिव्हिजन थ्रीमध्ये, म्हणजे तिसऱ्या गटात, ही छाननी नाही, प्रवेशाचं ते ते कॉलेज बघतं. पण तिथे खेळाची स्कॉलरशिपही नाही. हे गणित ज्याने त्याने आपला खिसा बघून सोडवावं.

लेकीचे त्या दहांतले नऊ कोर्स झालेत. दहावा केमिस्ट्रीचा, ऑगस्टच्या आत संपवायचाय. ओट्यावर लाल कोबीच्या पाण्याचे पाच ग्लास मांडलेत, लिंबू नि खायचा सोडा घालून रंग बघायला. या वेळी मी आधी तारीख लिहिली, फोटो काढला, मग तिला ग्लासांना हात लावू दिला.