नाकाड चपटं असलं तरच पॉम अस्सल?

सोलापूरच्या श्वानप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय: ‘खऱ्या पॉमेरेनियनचा चेहरा टेडीसारखा चपटा असतो. तोंड कोल्ह्यासारखं पुढं आलेलं दिसलं की समजा भेसळ. टेडी पॉम ही वेगळी जात आहे, म्हणून महाग. चेहरा जन्मभर तसाच राहतो आणि त्याचा काही त्रास नसतो.’ मला तो सहा जणांनी पाठवला. त्यातल्या दोघांच्या घरी पॉम आहे. दोघंही धास्तावलेत.

आधी कोल्ह्याचं बघू. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्या एफसीआयशी, म्हणजे श्वानजातींची मानकं (जातीचं कुत्रं कसं असावं याचं वर्णन) छापणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेशी, संलग्न आहे, तिच्या जातींच्या यादीत जर्मन स्पिट्झ ९७व्या क्रमांकावर आहे आणि पॉमेरेनियन हा त्यातला सगळ्यात लहान आकार. त्या मानकात स्पिट्झच्या डोक्याचं वर्णनच ‘कोल्ह्यासारखं’ असं आहे. म्हणजे जी भेसळीची खूण म्हणून सांगतायत, तीच जातीची ओळख!

मग नाकाड असावं तरी किती? मोठ्या स्पिट्झमध्ये नाकाड आणि कवटी यांच्या लांबीचं प्रमाण साधारण २:३, पॉममध्ये २:४. अमेरिकन मानक म्हणतं, नाकाड एक तृतीयांश, कवटी दोन तृतीयांश. हिशोब एकच. आखूड हवं, हे खरं. पण आखूड म्हणजे चपटं नव्हे. परवा जुळे सोलापुरात एका मावशींच्या टॉमीला शिंप्याची टेप लावली. डोळ्यांमधल्या खळगीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत ३ सेंटिमीटर, त्याच खळगीपासून डोक्याच्या मागच्या टेंगळापर्यंत ६. टॉमी सारखा टेपच चावायला बघत होता, तेव्हा मिलिमीटरचा वाद कुणी घालू नये.

‘टेडी’ नावाची वेगळी जात कुठल्याच मानकात नाही. ‘टेडी’, ‘बेबी डॉल’, आपल्याकडचं ‘कल्चर पॉम’ ही सगळी विकणाऱ्यांची नावं. त्यात केस गोल कापले की निम्मा टेडी कात्रीनंच होतो.

आणि जन्मभर तसाच? दोन महिन्यांचं पिल्लू बसक्या तोंडाचंच दिसतं. चौथ्या महिन्यापासून बाळकेस गळतात, नाकाड लांबतं, काही महिने पिल्लू अगदी ओंगळ दिसतं. ‘फसवलं’ म्हणून फोन येतात ते याच दिवसांत.

त्रास नसतो, हे वाक्य मात्र सोलापुरात बसून लिहिलेलं नसावं. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून, नाका-तोंडातली ओल उडवूनच ते अंग थंड ठेवतं. मुद्दाम चपट्या केलेल्या चेहऱ्यात ती वाट अरुंद होते. मे महिन्यात इथं पारा ४२च्या पुढं जातो, तेव्हा असं कुत्रं फरशीवर पडून घोरल्यासारखा श्वास घेतं. दातही ४२च, जबडा आखूड झाला म्हणून काही कमी येत नाहीत. ते मग एकमेकांवर चढतात.

मजकुरात एक दाणा खरा आहे. आपल्याकडं ‘पॉमेरियन’ म्हणून पाळलेली बरीच पांढरी कुत्री इंडियन स्पिट्झ असतात आणि त्यांचं तोंड लांबट असतं. पण ते ओळखायला नाकाड कशाला हवं? पूर्ण वाढलेलं कुत्रं आठ-दहा किलोचं भरलं की पॉम नाही. पॉम साधारण दीड ते साडेतीन किलोचा. अर्थात इंडियन स्पिट्झ म्हणजे कमअस्सल असं नाही; आपलं ऊन तोच जास्त सोसतो.

पिल्लू घ्यायचंच असेल तर त्याचा फोटो बाजूला ठेवा आणि आई दाखवा म्हणा. मोठेपणी नाकाड किती होणार, याचा थोडाफार अंदाज तिच्याकडं बघून येतो. मी मागच्या वेळी विचारलं तेव्हा आई ‘गावाला गेलेली’ होती.