म्हणे, खायला घालणाऱ्यांमुळेच कुत्री वाढली!

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मजकूर फिरतोय. सार असं: प्राणीप्रेमींच्या ग्रुपनी खायला घालून कुत्री वाढवली. ती उचला आणि लांब सोडून द्या. एवढाच पुळका असेल तर यांनी घरी न्यावीत. वर फोटो टाकून पैसे उकळतात ते वेगळंच.

आधी खाण्याचं बघू. गल्लीतली कुत्री जगतात ती उघड्या कचऱ्यावर, हॉटेलच्या खरकट्यावर, चिकनच्या दुकानामागे पडलेल्या तुकड्यांवर. फीडरचा, म्हणजे रोज खायला घालणाऱ्याचा, उपयोग निराळा आहे. महापालिकेची गाडी दिसली की सगळी कुत्री पसार होतात, पण रोज हातचं खाणारं कुत्रं बिस्किटाला येतं आणि निर्बीजीकरणासाठी सहज उचलता येतं. कोणत्या मादीचं ऑपरेशन राहिलंय, कोणाच्या कानाला खाच आहे (म्हणजे झालंय), रेबीजची लस कधी दिली, हा हिशेब बहुतेक वेळा ग्रुपमधल्या एखाद्या काकूंच्या फोनमध्येच सापडतो.

नुसतं खायला घालणारे आणि ऑपरेशनचं नाव न काढणारेही आहेत. त्यांच्यावरचा राग रास्त आहे. मादी दोन महिन्यांत विते. जिन्यात, गेटसमोर, मुलं खेळतात तिथे भात ओतणाऱ्यांची बाजू मीही घेणार नाही. केंद्राच्या 2023च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार खाण्याची जागा यांपासून दूर हवी, आणि 22 ऑगस्ट 2025च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलेल्या जागीच खायला घालायला सांगितलं आहे.

‘लांब सोडा’ हे मात्र बेकायदा आहे. त्याच आदेशानुसार निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं; रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री अपवाद. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकांतली कुत्री परत तिथे सोडू नयेत, असा 7 नोव्हेंबर 2025चा वेगळा आदेश आहे. बाकी गल्लीत कचरा तसाच ठेवून कुत्री हलवली, तर शेजारची, लस न टोचलेली येतात. मारूनही पाहिलंय. 1832 साली मुंबईत कंपनी सरकारने बक्षीस लावून कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशांनी फोर्टात दंगल केली. पुढे महापालिकाही वर्षानुवर्षं विजेचा शॉक देऊन मारत होती. कुत्री संपली का, ते मुंबईकरांनीच सांगावं.

‘घरी न्या’ म्हणणाऱ्यांनी ग्रुपवरच्या दत्तकाच्या पोस्ट वाचाव्यात. सोडून दिलेल्या लॅब्रेडॉरला लगेच चौकश्या येतात. काळ्या गावठी मादीला कोणी विचारत नाही.

राहिले पैसे. उकळणारे आहेतच, एकाच जखमी पिल्लाचा जुना फोटो नव्या क्यूआर कोडसकट फिरवतात. नीट चालणारा ग्रुप दवाखान्याचं तारखेचं बिल टाकतो, रक्कम थेट डॉक्टरांकडे भरायला सांगतो, आठवड्याने त्याच कुत्र्याचा व्हिडिओ देतो. हे मागा. मिळालं नाही तर दमडीही देऊ नका आणि त्या ग्रुपबद्दल खुशाल लिहा, पण त्याच ग्रुपबद्दल, पुराव्यासकट.