पाहुणे गप्पा मारताहेत? वेळीच आवरा!

पार्टीत कोपऱ्यात तिघंचौघं खिदळताना दिसली, की यजमान म्हणून तुमच्या पोटात गोळा यायलाच हवा. तुम्ही काहीही न करता ती माणसं बोलताहेत! रॉबिन डनबार नावाच्या मानसशास्त्रज्ञांना अभ्यासात आढळलं, की गप्पांचा घोळका चौघांपर्यंतच नीट टिकतो, पुढे त्याची फाटाफूट होते. होऊ दे. तुम्ही वीस जणांचं एक रिंगण करा. हातात शिट्टी असली तर उत्तमच.

सुरुवात ओळखपरेडीनं. प्रत्येकानं नाव सांगायचं आणि त्याच अक्षराचं विशेषण लावायचं. 'रसिक रमेश' पटकन जमतं. ओंकार नावाचा कुणी असला, तर त्याला अर्धा मिनिट घाम फुटून 'ओशाळलेला' एवढंच सुचतं, आणि ते शोभूनही दिसतं. संशोधक माल्कम ब्रेनर यांनी 1973 मध्ये दाखवून दिलं, की आपली पाळी येण्याच्या अगदी आधी बोललेलंच माणसाच्या लक्षात राहत नाही. म्हणजे परेड संपते तेव्हा ज्याच्या खांद्याला खांदा लावून उभे आहोत, नेमकं त्याचंच नाव माहीत नसतं. आणखी काय हवं?

मग 'मी कोण?'. पाठीवर प्रसिद्ध माणसाच्या नावाची चिठ्ठी चिकटवायची, आणि हो-नाही उत्तरांचे प्रश्न विचारत ज्याचं त्यानं ओळखायचं. यासाठी सगळ्यांत बुजरा गृहस्थ निवडा. एका हातात बशी, दुसऱ्यात पेला, पाठीवर आइन्स्टाइन. तो एका अनोळखी बाईंपुढे जाऊन खालच्या आवाजात विचारतो, "मी जिवंत आहे का?" बाई त्याला नीट न्याहाळून म्हणतात, "नाही." तो निमूट मान डोलावतो. थोड्या वेळानं चिठ्ठी खुर्चीच्या पाठीला चिकटते, तिथून दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीला, आणि आइन्स्टाइन भलत्याच घरी मुक्कामाला जातात.

'दोन खरं, एक खोटं' मात्र मला वगळून खेळा. स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या आणि त्यातली खोटी कुठली, ते बाकीच्यांनी ओळखायचं. मागे एकदा मी 'मला असे खेळ फार आवडतात' असं ठेवून दिलं होतं. पहिल्याच झटक्यात पकडलं गेलं.

कळस म्हणजे हातांची गाठ. रिंगणात समोरच्या दोन वेगवेगळ्या माणसांचे हात धरायचे आणि न सोडता गुंता सोडवायचा. काही गुंते मुळात सुटणारेच नसतात, हे अर्थातच सांगायचं नाही. दहाव्या मिनिटाला कुणाच्या तरी नाकाला खाज सुटते, आणि खाजवायचा हात तिसऱ्याच्या काखेखालून चौथ्याच्या मुठीत असतो.

एव्हाना पाचसहा जण 'महत्त्वाचा फोन आहे' म्हणत बाहेर सटकलेले असतील. फोन एकाच्याही कानाला नसेल, आणि हसणं मात्र आतपर्यंत ऐकू येईल. शिट्टी उचला आणि आधी तिकडे धावा.