'होय' नक्की कोण म्हणालं?

या नोव्हेंबरात बाबांना घेऊन बँकेत गेलो होतो. हयातीचा दाखला. ज्यांच्या घरात पेन्शनर आहे त्यांना हा सोहळा ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी सांगतो: वर्षातून एकदा म्हाताऱ्या माणसानं यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि आपण अजून आहोत हे सरकारला पटवून द्यायचं. पटलं तर पेन्शन चालू.

बाबा एसटीत कंडक्टर होते, एकतीस वर्षं. तिकिटं पंच करून आणि सुट्टे मोजून बोटांवरच्या रेषा पार गुळगुळीत झाल्यात. उजवा अंगठा टेकवला, लाल दिवा. डावा टेकवला, पुन्हा लाल. काउंटरवरची मुलगी बिचारी चांगली होती, "आजोबा, रुमालाला पुसून परत ठेवा ना" म्हणत राहिली. रांगेतल्या एका आजींनी किंचित तेल लावायला सांगितलं. त्यांच्या मागच्या काकांनी तेल अजिबात लावू नका म्हणून दम दिला. बाबा शेवटी म्हणाले, "अगं बाळा, मी उभा आहे की समोर." ती हसली, पण यंत्राला ते ऐकू जात नाही. पाऊण तासानं डाव्या हाताची अनामिका लागली आणि बाबा अधिकृतरीत्या हयात ठरले.

हे सगळं महिन्याला 1,592 रुपयांसाठी.

टायपिंगची चूक नाही. एक हजार पाचशे ब्याण्णव. ईपीएस 95 म्हणतात त्या योजनेला, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना. एसटी, साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी बँका, सगळीकडची माणसं त्यात आहेत. हिशेब असा की पेन्शनपात्र पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि सत्तरनं भागायचं. ऐकायला बरं वाटतं. मेख आहे ती 'पेन्शनपात्र' या शब्दात. प्रत्यक्षात पगार कितीही असो, बाबा 2007 ला निवृत्त झाले तेव्हा त्याला 6,500 ची मर्यादा होती (2014 पासून ती 15,000 झाली). आणि योजना सुरू झाली नोव्हेंबर 1995 मध्ये, त्यामुळे त्याआधीच्या नोकरीचे जे मिळतात ते चिल्लर. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे याला महागाई भत्ता नाही. 2007 मध्ये जो आकडा ठरला तोच आजही. गॅस सिलिंडरनं तेवढी शिस्त पाळलेली नाही. किमान पेन्शन 1,000 रुपये असावं हे 2014 साली ठरलं आणि तेही तिथेच बसून आहे. बुलढाण्यात म्हातारी माणसं यासाठी वर्षानुवर्षं साखळी उपोषणाला बसलीत, सत्तरी ओलांडलेली माणसं.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

आपल्या माजी आमदाराला महिन्याला 50,000 रुपये निवृत्तिवेतन आहे. एक टर्म पुरे. पाच वर्षांच्या पुढे प्रत्येक वर्षाला आणखी 2,000. म्हणजे चार टर्म काढलेल्याचे झाले 80,000. ऑगस्ट 2016 मध्ये ते 40,000 वरून 50,000 झालं, आमदारांच्या पगारवाढीच्या विधेयकासोबत. विधिमंडळात त्या विधेयकावर चर्चा झाली नाही. एरवी ही मंडळी एकमेकांच्या अंगावर धावून जातात, राजदंड पळवतात, पायऱ्यांवर बसून टाळ वाजवतात. त्या दिवशी सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात इतकं सख्य की कुणाला प्रश्नच पडला नाही.

खासदारांचं वेगळं. त्यांचं पेन्शन 1976 मध्ये सुरू झालं आणि तेव्हा किमान पाच वर्षांची अट होती. 2004 मध्ये ती अटही गेली. ईपीएसमध्ये दहा वर्षं भरली नाहीत तर मासिक पेन्शनच नाही, हे जाता जाता लक्षात ठेवा. मार्च 2025 मध्ये खासदारांचं पेन्शन 25,000 वरून 31,000 झालं, तेही 1 एप्रिल 2023 पासून लागू, म्हणजे दोन वर्षांच्या फरकासकट. वाढ महागाई निर्देशांकाप्रमाणे, दर पाच वर्षांनी आपोआप. 2018 च्या वित्त विधेयकात तशी तरतूदच करून ठेवली आहे.

खरं सांगायचं तर त्या तरतुदीमागचा हेतू वाईट नव्हता. खासदारांनी स्वतःच स्वतःची पगारवाढ मंजूर करायची हा ओशाळवाणा प्रकार बंद व्हावा, म्हणून निर्देशांकाला बांधलं. कल्पना पटण्यासारखी आहे. इतकी पटण्यासारखी, की महागाई सगळ्यांनाच असते हे एकदा मान्य केल्यावर ती कंडक्टरच्या पेन्शनला का लागत नाही हे कुणीतरी समजावून सांगावं.

इथे कमेंटमध्ये काय येणार ते मला माहीत आहे. "सगळ्यांचं पेन्शन बंद करा." मी त्या मताचा नाही. आमदारकीला पगार आणि पुढे काही आधार नसेल तर निवडणूक फक्त ठेकेदार, कारखानदार आणि त्यांचे चिरंजीवच लढवणार. आताही बहुतेक तेच लढवतात, ती गोष्ट अलाहिदा. आणि आयुष्यभर राजकारण केलं म्हणजे माणूस वाईट, असंही नाही. सांगोल्याचे गणपतराव देशमुख अकरा वेळा आमदार झाले. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले आणि 2019 ला स्वतःहून थांबले. एका पक्षात, एका झेंड्याखाली, एसटीनं प्रवास करत. त्यांच्या पेन्शनवर बोट ठेवणारा माणूस मला तरी भेटलेला नाही.

एसटीवरून आठवलं. लाल डब्यात पुढच्या बाजूला खिडकीवर 'आमदार' असं रंगवलेली राखीव सीट असते, पाहिली असेल. बाबांना लहानपणी मी विचारायचो, आज आमदार आले होते का? एकतीस वर्षांत एकदाही नाही, असं ते सांगतात. एकदा एक पांढऱ्या कपड्यातला माणूस त्या सीटवर हक्कानं बसला, म्हणून बाबांनी अदबीनं ओळखपत्र मागितलं. तो निघाला बँडवाला, लग्नाच्या सुपारीला चाललेला. आमच्या घरात हा किस्सा अजून सांगितला जातो.

तर माझा राग पन्नास हजारांवर नाही. त्या 'होय'वर आहे.

सभागृहात विधेयक मताला टाकतात तेव्हा बहुतेक वेळा आवाजी मतदान होतं. अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. अध्यक्ष कान देऊन ऐकतात आणि मंजूर म्हणतात. कोणी मतविभाजन मागितलं तरच कुणाचं मत कुठे पडलं याची मोजदाद होते. नाही मागितलं तर एक सामुदायिक आवाज, बस्स. त्यात माझ्या मतदारसंघाचा आवाज होता का? माझा माणूस 'होय' म्हणाला, गप्प बसला, की कँटीनला वडा खात होता? मला कळायला मार्गच नाही. मी मत दिलं ते रांगेत उभं राहून, बोटाला शाई लावून, नाव-पत्ता-फोटो दाखवून. बाबांना जिवंत असल्याचा बोटाचा पुरावा द्यावा लागतो. आणि ज्यानं माझ्या वतीनं हात घातला तिजोरीत, त्याच्या मताची नोंद नाही.

बाकीच्या विषयांवर आमदाराला फार दोष देता येत नाही, तेही मान्य. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून पक्षादेश (व्हिप) निघाला की हात तिकडेच वर करायचा, नाहीतर आमदारकी जाते. (नाहीतर मग पुरेसे सोबती गोळा करून विमानानं दुसऱ्या राज्यात जायचं. 2022 नंतर महाराष्ट्रात हे शाळकरी पोराला पण कळतं.) पण स्वतःच्या पगार-पेन्शनला व्हिप कशाला लागतो? तिथे प्रत्येकाचं मत अगदी मनापासूनचं असतं. मग तेवढंच एक मत तरी नावानिशी नोंदवा.

करता येत नाही असं काही नाही. पंजाबनं 2022 मध्ये 'एक आमदार, एक पेन्शन' कायदा केला. त्याआधी तिथे जितक्या टर्म तितकी पेन्शनं एकावर एक चढत जायची. हिमाचलच्या विधानसभेनं सप्टेंबर 2024 मध्ये पक्षांतरबंदीखाली अपात्र ठरलेल्या आमदाराचं पेन्शन बंद करण्याचं विधेयक मंजूर केलं. त्यात त्या वेळच्या राजकारणाचे हिशेब होते, दुधखुळे आपणही नाही. तरी विचार कुठून का येईना, आपल्याकडे तो आला तर किती जणांना घाम फुटेल याची मी मनातल्या मनात यादी करून पाहिली आहे. यादीत सगळे पक्ष आहेत.

कोर्टाकडे जाऊन उपयोग नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं खासदारांच्या पेन्शनविरुद्धची याचिका फेटाळली, हा संसदेनं ठरवायचा विषय आहे म्हणून. 'नोटा'चं बटण आहे, पण 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये नोटा चक्क दुसऱ्या क्रमांकावर आला, सत्तावीस हजारांवर मतं घेऊन, आणि त्यानं कुणाचंही काही बिघडलं नाही. म्हणजे उरतो तो प्रचाराचा पंधरवडा. तेवढ्यात काय ते विचारून घ्यायचं.

मी विचारलं. 2024 ला विधानसभेच्या वेळी एका उमेदवाराची माणसं दारात आली होती, गळ्यात उपरणी, हातात स्लिपा. साहेब 2016 ला सभागृहात होते. मी म्हटलं, त्या पेन्शनच्या विधेयकाला साहेब 'होय' म्हणाले होते का, एवढं सांगा. मागचे दोघं हसले. पुढचा पोरगा मात्र प्रामाणिक असावा, बावचळला. "दादा, हे मी विचारून सांगतो," म्हणाला आणि माझा नंबर मोबाइलमध्ये टाकून घेतला.

त्या नंबरवर दसरा, दिवाळी, पाडव्याच्या शुभेच्छा न चुकता येतात. साहेबांच्या हात जोडलेल्या फोटोसह.