तांबडा, पांढरा आणि केशरी

अलाबामात नव्या माणसाला दोन प्रश्न हमखास विचारतात. त्यातला दुसरा असतो, "कोणत्या चर्चला जाता?" त्यावर "मी हिंदू आहे" म्हटलं की लोक "अरे वा" म्हणतात आणि फार तर रविवारी चर्चच्या जेवणाला बोलावतात. पहिल्या प्रश्नाला मात्र अशी सवलत नाही. पहिला प्रश्न, "अलाबामा की ऑबर्न?" त्याला "कुणीच नाही" असं उत्तर दिलं, तर समोरचा माणूस पाऊलभर मागं सरकतो. याच्या नावावर कुठल्या तरी राज्यात वॉरंट निघालेलं असणार, अशा नजरेनं तो बघायला लागतो.

प्रश्न फुटबॉलचा, आणि तोही कॉलेजच्या फुटबॉलचा. मी बर्मिंगहॅममधल्या एका बँकेच्या आयटीत काम करतो. इथून पश्चिमेला तासाभरावर टस्कलूसा, तिथं युनिव्हर्सिटी ऑफ अलाबामा. आग्नेयेला दोनेक तासांवर ऑबर्न गाव, तिथं ऑबर्न युनिव्हर्सिटी. अख्ख्या राज्यात एनएफएलचा, म्हणजे व्यावसायिक फुटबॉल लीगचा, एकही संघ नाही, त्यामुळं जीव टाकायचा तो या दोघांवरच. जीव टाकणाऱ्यांनी त्या कॉलेजची पायरी चढलेली असावी अशी अट नाही. आमच्या पार्किंगमधला रखवालदार "1992 साली आम्ही राष्ट्रीय विजेते झालो तेव्हा" अशी सुरुवात करतो, तेव्हा मैदानात तोच होता असं वाटतं. मधोमध पडलेलं बर्मिंगहॅम हे एके काळचं लोखंड-पोलादाचं गाव आणि या दोघांचा सामना कित्येक वर्षं इथंच व्हायचा, म्हणून त्याचं नाव आयर्न बोल. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी तो असतो. त्या दिवशी लग्न ठेवणाऱ्या मुलीला इथं नातेवाईक जन्मभर क्षमा करत नाहीत.

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला. फुटबॉलची ईर्षा मला कुणी शिकवायची गरज नव्हती. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने बघत वाढलेला माणूस मी. शाळेत माझ्या बाकावर बसणारा मित्र दुसऱ्या तालमीचा होता, म्हणून सामन्याच्या आठवड्यात तो माझ्या डब्यातलं खात नसे. इथला चेंडू लांबुळका असतो आणि पायाचा खेळ म्हणून तो हातात धरून पळतात, ही गोष्ट मी मोठ्या मनानं सोडून दिली. माझं म्हणणं एवढंच होतं की मी आधीच एका ठिकाणी दिलेला माणूस आहे, मला यातून वगळा. ते कुणी ऐकून घेतलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक साठीचे गृहस्थ बसतात, ऑबर्नचे. मनातल्या मनात मी त्यांना आबा म्हणतो. काचेच्या केबिनमध्ये आमच्या मॅनेजरबाई, त्या अलाबामाच्या. त्यांचे आजोबा, वडील, भाऊ आणि बहुधा कुत्राही अलाबामाचा. दोघांत एवढं सख्य, की बाईंच्या गाडीची बॅटरी उतरली तर आबा तारा घेऊन धावतात आणि आबांची बायको दवाखान्यात होती तेव्हा रोजचं जेवण बाईंनी पोचवलं. पण ऑगस्ट संपला, हंगाम सुरू झाला, की बाई आबांच्या कॉलेजला "गोठ्यातलं कॉलेज" म्हणायला लागतात, कारण ऑबर्नला शेतकीचं शिक्षण आहे. आबा बाईंना काहीच म्हणत नाहीत. ते इतिहास सांगतात. ते जास्त वाईट.

हा इतिहास मला अगदी पाठ आहे, कारण तो सांगायला आबांना माझ्याइतका हक्काचा श्रोता मिळत नाही. पहिला सामना फेब्रुवारी 1893 मध्ये झाला, ऑबर्ननं 32-22 असा जिंकला. तो कुठल्या हंगामात धरायचा यावरच दोघांचं पटत नाही. अलाबामा म्हणतं 1892 चा शेवटचा, ऑबर्न म्हणतं 1893 चा पहिला. 1907 चा सामना 6-6 असा बरोबरीत सुटला आणि पुढच्या वर्षीच्या बोलणीत खेळाडूंच्या भत्त्यावरून फाटलं. दिवसाला 3 डॉलर की साडेतीन? माणसं 20 की 22? पंच कुठला आणायचा? झालं, त्यानंतर 41 वर्षं हे दोघं एकमेकांशी खेळले नाहीत. अर्ध्या डॉलरवरून! बांधावरून कोर्टात गेलेली आमची भावकीसुद्धा एवढ्या काळात एखाद्या बारशाला तरी एकत्र जेवते. शेवटी 1947 साली राज्याच्या विधिमंडळाला ठराव करावा लागला, की बाबांनो, खेळा. 4 डिसेंबर 1948 ला सकाळी बर्मिंगहॅमच्या बागेत दोन्हीकडच्या विद्यार्थी-अध्यक्षांनी खड्डा खणून वैराची निशाणी म्हणून खरोखरीची कुऱ्हाड पुरली, आणि दुपारी अलाबामानं ऑबर्नला 55-0 नं धुतलं.

इथं आबा थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "पुढच्या वर्षी 14-13. आम्ही."

आबांचा खरा खजिना म्हणजे 2013. दोघंही 28-28 वर होते, वेळ संपली होती. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी पंचांशी हुज्जत घालून घड्याळात एक सेकंद परत मिळवला. त्या सेकंदात अलाबामानं 57 यार्डांवरून चेंडू गोलखांबांत मारायचा प्रयत्न केला. तो कमी पडला, आणि अगदी मागच्या रेषेजवळ उभ्या असलेल्या ऑबर्नच्या क्रिस डेव्हिसनं तो झेलून अख्खं मैदान पालथं घातलं. 34-28. आबा हे सगळं स्टेपलर, पंचिंग मशीन आणि माझा चहाचा कप मांडून दाखवतात. कप म्हणजे क्रिस डेव्हिस. त्यामुळं माझा चहा दर वेळी फाइलींवर सांडतो. आमच्या बैठकीत कुणी सहज "एक सेकंद हं" म्हणालं, की टेबलाच्या अर्ध्या बाजूला खोकल्याची साथ येते आणि बाई भिंतीकडं बघतात.

बाईही कमी नाहीत. 2023 मध्ये अलाबामा ऑबर्नच्याच मैदानावर मागं होतं. चौथी, म्हणजे शेवटची संधी आणि जायचं होतं 31 यार्ड. त्यांनी चेंडू थेट कोपऱ्यात फेकला, तो झेललाही गेला आणि 27-24 नं सामना खिशात. तेव्हापासून आबांचा आढावा घ्यायचा असला की बाई बैठकीची वेळ लावतात 4:31. पावणेपाच नाही, साडेचार नाही, 4:31. आबा ते आमंत्रण स्वीकारतात, कारण नोकरी आहे.

या दोघांच्या कात्रीत मी सापडलो तो गणपतीमुळं. माझ्या टेबलावर आईनं दिलेला पितळी गणपती असतो. अलाबामाचं चिन्ह हत्ती. मैदानात 'बिग अल' नावाचा एक हत्ती लाल बनियन घालून नाचतो. बाईंनी गणपती बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी आदबीनं परवानगी मागून त्यांनी त्याच्यापुढं एक किरमिजी फूल ठेवलं. गणपतीला लाल फूल चालतंच, मी कशाला नाही म्हणू? दुपारपर्यंत मजल्यावर बातमी की कोल्हापूरवाला अलाबामाचा, त्याचा देवसुद्धा अलाबामाचा.

आबा दुखावले. ऑबर्नच्या मैदानावर सामन्याआधी खराखुरा गरुड घिरट्या घालतो आणि ऐंशी हजारांवर माणसं "वॉर ईगल" म्हणून आरोळी ठोकतात. आबांनी विचारलं, तुमच्यात गरुडाला काहीच मान नाही का? आहे की, म्हटलं, विष्णूचं वाहन. मग राहवलं नाही म्हणून गजेंद्रमोक्षाची गोष्ट सांगितली. बाईही दारात येऊन उभ्या.

"म्हणजे गरुड आणि हत्तीची लढाई झाली?" आबा.

"नाही. गरुडावर बसून देव हत्तीला सोडवायला आला."

"कुणापासून?"

"पाण्यात मगर होती, तिनं पाय धरला होता."

"फ्लोरिडा!" दोघंही एकदम ओरडले. शेजारच्या राज्यातल्या त्या युनिव्हर्सिटीचं चिन्ह मगर आहे. हंगामात या दोघांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

मग दिवाळी आली. ऑफिसात पारंपरिक कपड्यांचा दिवस होता, मी केशरी झब्बा आणि निळी बंडी घालून गेलो. नारिंगी आणि गडद निळा म्हणजे ऑबर्नचे रंग. लिफ्टमधून बाहेर पडतो तोच आमच्यातल्या गुंटूरच्या मुलानं "वॉर ईगल!" म्हणून मला मिठी मारली. हा ऑबर्नहून एमएस झालेला. याच्या घराच्या गृहप्रवेशाचा मुहूर्त काढताना भटजींनी पंचांग बघितलं आणि यानं ऑबर्नचं वेळापत्रक. आबांनी माझा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला. केबिनच्या काचेआड बाई दिवसभर गंभीर होत्या. संध्याकाळी गणपतीपुढचं फूल बदललेलं नव्हतं.

नोव्हेंबरात आयर्न बोलच्या आधी ऑफिसात जेवण असतं, ज्यानं त्यानं घरून काही करून आणायचं. एका टेबलावर किरमिजी कापड, दुसऱ्यावर नारिंगी. दोन्हीकडं बार्बेक्यू, आणि मोठ्या पातेल्यात मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा. उकडलेल्या शेंगा खाणारी माणसं मुळात वाईट असूच शकत नाहीत, हे माझं मत अलाबामात आल्यापासून पक्कं आहे. मी आणि बायकोनं रात्रभर खपून रस्सा केला होता. कोल्हापुरी माणसानं दुसरं काय न्यायचं? दोन पातेली नेली आणि मुद्दाम दोन्ही टेबलांच्या मधल्या फटीवर स्टूल ओढून ठेवली, म्हणजे वाद नको.

झाकणं उघडली आणि वाद उघडला. एकात तांबडा, एकात पांढरा. अलाबामाचे रंग किरमिजी आणि पांढरा, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण रश्शाच्या बाबतीत ते डोक्यात कसं येणार? तांबडा-पांढरा हा रंग थोडाच आहे, ते जेवण आहे. किरमिजी बाजूनं टाळ्यांचा कडकडाट झाला, बाईंनी स्वतः येऊन दोन्ही पातेली आपल्या टेबलावर उचलून नेली. गुंटूरकर माझ्याकडं फितुराकडं बघावं तसं बघत होता.

बाईंनी पहिला चमचा तांबड्याचा घेतला. आम्ही तिखट कमीच केलं होतं, पण आमचं कमी म्हणजे कमीच असतं असं नाही. क्षणात बाई कानांपर्यंत संघाच्या रंगाच्या झाल्या. डोळ्यांतून पाणी, पण "रोल टाइड" ही अलाबामाची आरोळी ठोकून त्यांनी दुसरा चमचा घेतलाच. त्यांच्यामागं सगळी किरमिजी सेना, एकेक जण रडत रडत. आबा त्यांच्या टेबलावर हात बांधून, आयुष्यात प्रथमच 55-0 चा सूड उगवल्यासारखे हसत होते. हसून झाल्यावर त्यांना नारळाच्या दुधाचा वास आला. वैऱ्याच्या टेबलावरचा पांढरा रस्सा त्यांनी नारिंगी कागदी पेल्यात मागवून घेतला. चार वेळा.

जेवणं झाली आणि दोघांनी मला मध्ये बसवलं. आता खरं सांग, तुमच्या गावात कुणाचं कुणाशी असतं? मी फोन काढला, शाहू स्टेडियमवरच्या सामन्याची चित्रफीत लावली. ठासून भरलेलं स्टेडियम, ढोल, आणि त्या गदारोळात सरळ पायानं खेळला जाणारा फुटबॉल. दोघं वाकून बघायला लागले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब अशी नावं मी घेत होतो. तालीम म्हणजे काय, पेठ म्हणजे काय, हे अजून सांगायचं होतं. तेवढा वेळ त्यांनी दिला नाही. बाई म्हणाल्या, "प्रॅक्टिस क्लब माझा. मला नीट म्हणता येतं." दुसऱ्या क्षणाला आबांनी विचारलं, "यांच्याविरुद्ध कोण?" मी म्हटलं, सगळेच. "मग ते पहिलं कुठलं?" पाटाकडीलला पीटीएम म्हणतात हे कळल्यावर त्यांनी वहीत पीटीएम लिहून खाली दोन रेघा मारल्या.

आता कोल्हापुरात हंगाम असला की इथं पहाटे चुलतभावाचा मेसेज येतो आणि मी ऑफिसात पाय ठेवताच दोन्हीकडून विचारणा होते. हरणाऱ्यानं सोमवारी सगळ्यांसाठी डोनट आणायचे असं ठरलंय. पंच कुठला होता, हेही आबा विचारतात. गेल्या वेळी बाईंनी डोनट आणले आणि ऑफसाइड नव्हताच म्हणून अर्धा तास माझ्याशी वाद घातला.

मी शिवाजी पेठेतला, शिवाजी तरुण मंडळाचा, हे दोघांना अनेकदा सांगून झालंय. "तेही चांगलं खेळतात का?" असं परवा आबांनी अत्यंत आदबीनं विचारलं.